रिकाम्या खुर्चीचं चित्र

मी एक जुनी मेथड आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका, सांगते! मेथड म्हणजे संगणकाला दिलेल्या एका कामाच्या सूचना, नाव देऊन एकत्र बांधलेल्या. माझं नाव ‘वाजव’. पडद्यावरच्या चित्राला बोट लागलं की टिंग करायचं, एवढंच माझं काम.

मला लिहिलं एका लेकीनं. झटका येऊन तिच्या बाबांची वाचा गेली होती. स्विफ्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा ती नुकतीच शिकत होती, तरी हट्टानं त्यांच्यासाठी ॲप बनवलं. "काही लागलं की बोट ठेवा बाबा, मी आलेच," ती म्हणाली. टिंग झालं की हातातलं काम टाकून धावायची. काय तोरा होता माझा तेव्हा!

पण नुसत्या टिंगवरून काय हवंय ते कळेना. मग तिनं माझ्या क्लासचा, म्हणजे आम्हा मेथडींच्या घराचा, वारस क्लास काढला आणि ‘ओव्हरराइड’, म्हणजे ‘जुनीऐवजी ही चालव’, असं लिहून माझ्याच नावाची नवी मेथड त्यात बसवली. त्या नवीच्या पोटात स्विच, म्हणजे काय आलं तर काय करायचं याची यादी: पाण्याचं चित्र असेल तर "पाणी" बोल, दिव्याचं असेल तर "दिवा". स्विचमध्ये एकही शक्यता सुटलेली स्विफ्टला चालत नाही. म्हणून शेवटी तिनं डिफॉल्ट लिहिलं: बाकी काहीही आलं तर गप्प बस. तिथे ‘सुपर’ लिहून मला बोलावलं असतं, तर निदान टिंग झालं असतं. पण नवीच्या गोड आवाजापुढे माझी कुठली डाळ शिजायला!

एकदा बाबांनी खुर्चीकडे आणि मग लेकीकडे बोट केलं. "जवळ बसू? थांबा, त्याचंही चित्र करते!" तिनं रिकाम्या खुर्चीचं चित्र घातलं. स्विचमधली ओळ मात्र राहिली, आणि डिफॉल्ट असल्यामुळे स्विफ्टनंही टोकलं नाही. "एकही एरर नाही!" म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

बाबांनी खुर्चीवर बोट ठेवलं. काहीच नाही. पुन्हा ठेवलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे लेक घरातच होती. माझा जीव नुसता तुटत होता, पण बोलावल्याशिवाय मेथडला तोंड उघडता येत नाही. पाणी मागितलं की ती येते, जवळ बस म्हटलं की येत नाही, असंच त्यांना वाटलं असणार. पुढे त्यांनी नाद सोडला. आता पाणीही मागत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

मित्रांनो, जुन्याच्या जागी नवं खुशाल लिहा. पण काय करायचं ते ठाऊक नसेल, तिथे ‘गप्प बस’ लिहू नका. तुम्हाला निदान सांगता तरी येतंय, लेकीला सांगायची मला काहीच सोय नाही. परवा ती फोनवर भावाला म्हणत होती, "ॲपमुळे किती बरं झालं रे! बाबा आता अगदी शांत असतात."