एका श्वासात

देवलाचे पाय आधी गेले. हगवणीतून उठून तिला आठवडाच झाला होता, म्हणून अंगात त्राण नसेल असं गोपीचंदनं धरलं. केनवडच्या डॉक्टरनं सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी तिला चुलीपासून उठता येईना.

"काहून बसली? डोहाळे लागले का या वयात?" गोपीचंदनं नवऱ्याच्या हक्कानं चिडवलं.

"हासा तुमी. पाय माहे नाहीतच असं वाटून राह्यलं मले."

मग त्यानं तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि थेट वाशीमचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव, गाव, तालुका, सगळं एका श्वासात सांगा. मधे थांबायचं नाही."

देवलानं तोंड उघडलं, मिटलं आणि गोपीचंदकडे पाहिलं.

त्याला हसू आलं. "नाही घेनार मॅडम. लगन झाल्यापासून माहं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. 'रंजीताचे बाबा' म्हनते."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "घे वं बाई, इथं कोनता सासरा बसला?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग पोरीचं नाव सांगा."

"रं..."

पुढचं निघालंच नाही. देवलाचे डोळे मोठे झाले. गोपीचंदचं हसू तोंडावरच थिजलं. ती लाजत नव्हती. तिला दम पुरत नव्हता.

धावपळ झाली. तिच्या घशात नळी गेली. नंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर समजावलं. हगवणीच्या जंतूंशी लढायला अंगातली जी ताकद उठली, ती चुकून हातपाय हलवणाऱ्या नसांवर तुटून पडली होती. नसा सुजल्या. ते दुखणं पायांतून चढत छातीपर्यंत आलं.

"म्हंजे तिचंच आंग तिच्यावर उठलं?"

"हो."

"पन कायले? तिनं काय केलं?"

"कुणीच काही केलं नाही, दादा. औषध चालू आहे. पुष्कळ जण यातून उठतात."

देवला उठली नाही. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसाही सुजल्या होत्या. एका सकाळी ठोके एकाएकी बिघडले आणि थांबले.

गोपीचंदनं चादर सारली. कुठं जखम नाही, ओरखडा नाही. पाय अजून कोमट होते. फोन हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. सासरी असलेल्या रंजीताला काय सांगायचं, तेच त्याला कळेना. तिच्या मायला हगवण लागली होती. एवढंच तर झालं होतं.