हिरव्या चिंधीचा कॅन

हिरव्या चिंधीची गाठ सैल झाली होती. कॅनच्या गळ्याभोवती दोन वेढे घेऊन मारलेली ती गाठ, ओल्या-चिकट हातांनी रोज हाताळून तिचा रंग आता कुठल्याही रंगात मोडत नव्हता, तरी हिरवाच म्हणायचा – तिनं एक टोक दातांत धरलं, दुसरं ओढलं, आणि तेवढ्यात ठकीचा आवाज आला. आत्ताचा नाही, कालचा. ‘मी लगेच पाणी ओतलं होतं गं आई. लगेच ओतलं. मग आणखीच का ओरडायला लागला तो?’

काल हे वाक्य ऐकलं होतं का आपण? ऐकलं असणार, त्याशिवाय आत्ता आठवलं नसतं. पण काल एक थोबाडीत ठेवून दिली होती, हात झिणझिणत होता, आणि कानांत फक्त स्वतःचंच ओरडणं होतं. चिंधीचं टोक अजून दातांतच होतं. तिनं ते सोडलं.

एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर ती उकिडवी बसली होती, आणि धाकटा भाऊ बादलीत लेपाचं मिश्रण ढवळत होता. गच्च्या, न्हाणीघरं, पाण्याच्या टाक्या… जिथे पाणी नको तिथे येतं ते थांबवायचं, हा तिचा धंदा. लोक पाठीमागे तिला गळतीवाली म्हणत आणि तोंडावर गळतीवाल्या ताई. सुरुवातीला राग यायचा. हल्ली ती स्वतःच फोन उचलून ‘बोला, गळतीवाली बोलतेय’ म्हणून मोकळी व्हायची, समोरचा बिचारा ओशाळायचा, आणि ओशाळलेला माणूस घासाघीस कमी करतो हे तिच्या कधीच लक्षात आलं होतं.

काल जे घडलं ते एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. शाळेमागे अर्धवट बांधलेली इमारत आहे. पहारेकरी चहाला गेला की पत्र्याच्या फटीतून पोरं आत शिरतात, चौथ्या मजल्यावर कठडा नसलेल्या सज्जात पाय सोडून बसतात, आणि घरी विचारलं तर वाचनालयात होतो म्हणतात. काल चौघं होती. तिथे त्यांना फोमचे दोन कॅन सापडले, दोन्हींतलं थोडंथोडं बादलीत एकत्र केलं की दूध उतू जावं तसं फसफसून वर येणारं ते रसायन, आणि आमच्या ठकीबाईंनी ते आईच्या कामावर शंभरदा पाहिलेलं! मग काय विचारता. ‘थांबा, मी दाखवते.’ असंच म्हणाली असणार. असंच म्हणाली असणार, मान तिरकी करून. फोम उसळला, वर वाकून बघणाऱ्या लंबूच्या तोंडावर उडाला, दोघं पोरं धूम पळाली, आणि उरले लंबू आणि ठकी.

लंबू म्हणजे शेजारच्या जिन्यातल्या शिवणवाल्या बाईंचा एकुलता एक. वर्षभरात असा सरसर वाढलेला, की त्याची आई त्याच्या विजारी उसवून लांब करता करता थकून गेली होती. त्याच्या उजव्या डोळ्यावर आता पट्टी होती. साइटच्या मुकादमानं फोमचे कॅन हॉस्पिटलात नेऊन डॉक्टरांना दाखवले, त्याप्रमाणे उपचार सुरू झाले, आणि पट्टी काढल्यावर काय ते कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

तिला फोम माहीत होता. तिच्या स्वतःच्या पापणीवर उडाला होता एकदा. चिकटतो मेला, चुरचुरतो, आठवडाभर भिवई उपटून निघते. पण काल शिवणवाल्या बाई सांगत होत्या की बुबुळावर पांढरट साय आली… आणि मुकादम जिन्यात उभा राहून म्हणत होता, ‘ताई, साइटवर पाण्याचा टिपूस नाही. मोटार जळलीय परवापासून, काम बंद, म्हणून तर कोणी नव्हतं.’

टिपूस नाही. मग लगेच ओतलेलं पाणी कुठलं?

“ताई, घट्ट व्हायला लागलं हं,” भाऊ म्हणाला.

ती कॅनकडे बघत होती. तिच्याकडे बारा भानगडींचे कॅन असत, त्यांची कागदं पाण्यानं निघून जात, अक्षरं पुसून जात, म्हणून तिनं चिंध्या बांधायची रीत काढली होती. लाल म्हणजे कडक करणारं, हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे पातळ करणारं, विस्तवाजवळ न्यायचं नाही. आणि हिरवी, ठकीच्याच जुन्या फ्रॉकची, ती साध्या पाण्याच्या कॅनला. हातावर, तोंडावर काही उडालं तर डोळे मिटून चाचपडत गेलं तरी हा कॅन सापडला पाहिजे. ठकी तीन-चार वर्षांची असताना तिला कामावर आणावं लागे, तेव्हा हा खेळच होता. लाल? हात नाय! पिवळं? आग! हिरवं? पाणीऽऽ! गिऱ्हाइकं हसायची, कोणी खाऊ द्यायचं. आणि मी… मी फुलून जायचे. पुन्हा म्हणून दाखव, म्हणायचे. पुन्हा म्हणून दाखव त्या काकांना.

“ताई! अगं माल फुकट जाईल!”

“जाऊ दे,” ती म्हणाली आणि उठली. भावानं ढवळणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. ताईनं कालवलेला माल वाया जाऊ दिला, हे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. वाटेत तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. पोरीकडे पाण्याची बाटली असेल दप्तरात. असतेच. कुणीतरी पिंप भरून ठेवलं असेल. आपण उगाच नसत्या शंका काढतोय, धंद्याची सवय, जरा ओल दिसली की भिंत फोडून बघायची… ती चालत होती भरभर, पण दारापाशी आल्यावर चप्पल काढायलाच तिला वेळ लागला.

ठकी खिडकीपाशी बसली होती. आज शाळेत पाठवलं नव्हतं. समोर पुस्तक उघडं होतं, पान सकाळचंच.

“काल लंबूच्या डोळ्यावर पाणी ओतलंस ते कुठलं?”

“तिथलंच. कॅनमधलं.”

“कुठल्या कॅनमधलं?”

“हिरव्या चिंधीच्या,” ठकी म्हणाली. कुणी सूर्य कुठे उगवतो विचारल्यासारखं, इतकं सरळ. मग आईचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. “ते पाणीच असतं ना, आई?”

स्वयंपाकघरात जाऊन तिनं मुकादमाला फोन लावला. धंद्यातली ओळख, त्यामुळे चौथ्या मजल्यावर फोमखेरीज जो कॅन होता त्यात काय आहे, हे विचारायला आढेवेढे घ्यावे लागले नाहीत.

“तो होय? तो रंगाऱ्याचा. कॉस्टिकचं पाणी आहे. जुन्या लोखंडी खिडक्या बसवतोय ना, त्यांचा रंग उतरवायला. जहाल असतं हो, कातडं सोलून काढतं. का बरं?”

“त्याला हिरवी चिंधी कशाला बांधलीय?”

“चिंधी?” मुकादम हसला. “ब्रश पुसायला बांधली असेल कुणीतरी. चिंधी ती, तिला कसला आलाय अर्थ?”

“नाही, सहज विचारलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहज. तो शब्द तोंडातून इतका अलगद निघाला होता की तिला स्वतःचीच भीती वाटली. ओट्याला टेकून ती उभी राहिली. कुणी पाहिलेलं नाही. ती दोघं पोरं पळाली होती, लंबूचे डोळे मिटलेले होते, त्याच्या लेखी ते पाणीच. डॉक्टरांनी डोळा धुतलाच असेल की, धुतात ना, आधी धुतातच… पण फोम समजून धुणं वेगळं आणि हे समजून धुणं वेगळं असलं तर? औषध वेगळं असलं तर? कॉस्टिक हाताला लागलं की वरून काही दिसत नाही आणि आत आत खात जातं, हे तर तिला माहीत होतं. आत्ता, या क्षणी, त्या पट्टीखाली… मुकादमालाच सांगावं का, तू कळव म्हणून? ‘तिथल्या कॅनमधलं काहीतरी उडालं असेल’. ‘उडालं असेल’ चांगलं होतं. ‘कुणीतरी ओतलं’ नको. ती एक असं वाक्य शोधत होती की ज्यात कॅन असेल, डोळा असेल, आणि ठकी नसेल. बराच वेळ शोधलं. अशी वाक्यं होती, दोन-तीन तरी होती, आणि प्रत्येकाच्या शेवटी डॉक्टर विचारणारच होते – किती? कधी? थेट डोळ्यात का?

ठकी दारात येऊन उभी होती. मुकादमाचा खणखणीत आवाज फोनबाहेर येत होता, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

“मी चांगलं करायला गेले गं,” ती म्हणाली. “तू सांगितलं होतंस तसंच केलं.”

काल मारायला उचलला होता तो हात पुढे झाला. तिनं पोरीला जवळ ओढलं, पोर ताठच राहिली, लाकडासारखी. तिनं एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं शिवणवाल्या बाईंचा नंबर लावला आणि फोन ओट्यावर ठेवला, मोठ्या आवाजावर. पोरीच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. एवढंच ठरलं होतं.

“अहो ताई, मीच करणार होते तुम्हाला फोन!” बाई रात्रभर जागलेल्या आवाजात म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, कुणी लगेच पाणी ओतलं नसतं तर काही खरं नव्हतं. तुमच्या ठकीनं ओतलं हो. तिला सांगा, हा तिला विचारतोय सारखा. आणि मारू नका बरं पोरीला. तिचे उपकार कसे फेडू मी…”

आणि तिनं बघितलं, ठकीच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. आशाच होती ती. मिणमिणती, वेडी – म्हणजे कदाचित मुकादमच चुकला असेल, कदाचित ते पाणीच असेल, डॉक्टरच म्हणताहेत! पोरगी आईकडे बघत होती. नुसतं ‘हो’ म्हण, असं बघत होती. आणि तिलाही म्हणावंसं वाटलं, खरंच वाटलं, घशापर्यंत आलं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “डॉक्टर आहेत का जवळ? मला त्यांच्याशी बोलायचंय. आत्ताच. आणि तुम्हीही तिथेच थांबा.”

“आहेत वाटतं पलीकडे. थांबा हं, जाते.” बाईंनी काय, कशाला, काही विचारलं नाही, इतका विश्वास टाकला होता त्यांनी. “फोन ठेवू नका.”

मग नुसता चालण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. हॉस्पिटलच्या लांबलचक बोळातून चपला फटफटत होत्या, कुठेतरी एक दार आपटलं, कुणाला तरी बाई विचारत होत्या, मोठे डॉक्टर कुठे आहेत हो. ठकीनं आईचं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती, तिनं रुतू दिली. तिकडे त्या बाई अजून आपल्याला दुवा देत चालल्या होत्या, आणि हा बोळ संपला की ते संपणार होतं, कायमचं संपणार होतं. बोळ आणखी लांब असावा, असं तिला वाटलं. मग तो पट्टीखालचा डोळा आठवला, आणि तिला वाटलं, ही बाई पळत का नाही? पळा ना. पळा.