दिडकीच्या चालीवर

हे कुणाला पटणार नाही, पण झाशीतला ट्रान्झिस्टरचा कारखाना मी पाढ्यावर वाचवला.

पुण्याच्या कारखान्याची हुबेहूब नक्कल इथे उभारायची होती आणि माझा भाचा दिवाकर त्या कामाचा प्रमुख. त्याने भट्टी तीच आणली, तापमान तेच ठेवलं. पुण्याच्या भिंतीवर पाल होती, म्हणून सदर बाजारातून एक पालही धरून आणवली. तरी सिलिकॉनच्या चकत्या भट्टीत जाताच पापडासारख्या वाकत. वरून निरोप आला, महिनाअखेर चकत्या सरळ निघाल्या नाहीत तर यंत्रं परत पुण्याला आणि दिवाकर घरी.

मग मीच पुणं गाठलं आणि भट्टीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या अनुसूयाबाई तोंडातल्या तोंडात दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणत चकत्यांची तबकडी आत सरकवत होत्या. हात त्याच संथ लयीत चाले. सवयीचीच गोष्ट, ती कुणी कागदावर कशाला लिहील? आमचे झाशीचे गडी मात्र चुलीत लाकूड सारावं तशी तबकडी ढकलत.

परत येऊन मी झाडून सगळ्या बुंदेली गड्यांकडून दिडकी तोंडपाठ करवून घेतली. चकत्या आरशासारख्या सपाट! पुढे पुढे तर गडी सुट्टीवर असले, तरी भट्टी आपली आपण पाढा म्हणे.

मी हे रंगवून सांगत होतो, इतक्यात दिवाकरची बायको इंदू चहाचा कप ठेवत म्हणाली, "रहने दीजिए, मामाजी! दिडकी म्हणे तुम्ही शिकवलीत! काल भाजीवाल्यासमोर दीड-दीड किलोच्या तीन पिशव्यांचं वजन किती, ते तुम्ही मलाच विचारत होतात ना?"