विद्याश्रीचे कान आणि बाळासोंची हलगी

"पब्लिकला काय कळतंय?" हे श्रीशैलचं आवडतं वाक्य होतं. दिवसातून दहा वेळा म्हणायचा आणि अकराव्यांदा म्हणायला कुणी भेटतंय का बघायचा.

२००६ साली कोल्हापुरात ज्याच्याकडे चार बॉक्स आणि एक टेंपो, तो डीजे. श्रीशैलकडे तर आठ बॉक्स होते, अठरा इंची. वडिलांची 'चन्नाप्पा लाऊडस्पीकर सर्व्हिस' त्यानं पुसून 'डीजे श्री' केली आणि दहा फुटी फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्याला फोटो दिला तो पासपोर्टचा. एवढासा फोटो दहा फुटांवर ताणल्यावर जे व्हायचं तेच झालं. नाकाचे चौकोन पडले आणि डोळे कुठे संपतात, मिशी कुठे सुरू होते, कळेना.

"ओळखू येतंय की!" श्रीशैल म्हणाला.

"नाव लिवलंय म्हणून," त्याची बायको विद्याश्री म्हणाली.

विद्याश्री हातकणंगल्याची. तिचे वडील शेतावरच्या पंपाच्या मोटारी भरून द्यायचे. मोटार उघडायच्या आधी ती चालू करून ते डोळे मिटून ऐकायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. पोरगी शेजारी बसून तेच शिकली. लग्न होऊन कोल्हापुरात आली, आणि वर्षभरात साऊंडच्या मिक्सरवरचा गडी दुबईला निघून गेला तेव्हा रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. लग्नाच्या हॉलात बाई मिक्सरवर बसलेली दिसली की लोक आधी बघत राहायचे, मग जेवायला जायचे. माणसाला जेवणापुढं काही दिसत नाही, हे एका अर्थी बरंच.

सासरे चन्नाप्पा हे मात्र जुनं खोड. पत्र्याच्या कर्ण्यांपासून धंदा केलेला माणूस. त्यांच्या तीनशे कॅसेटी होत्या. भजनं, भाषणं, कुस्त्यांची मैदानं, सगळं स्वतः जाऊन रेकॉर्ड केलेलं. श्रीशैलनं त्यातल्या दोनशे एमपीथ्री करून आणायला एका सायबर कॅफेवाल्याला नेऊन दिल्या. "किती बारीक करू?" त्यानं विचारलं. "हुईल तेवढं बारीक कर," श्रीशैलनं सांगितलं. महिन्याभरानं दोन ट्रंका कॅसेटींचा माल थोड्याशा चकत्यांवर बसला, आणि त्या चकत्या नाचवत श्रीशैल घरी आला तो गड जिंकल्यासारखा.

विद्याश्रीनं त्यातली एक कॉम्प्युटरच्या बारक्या स्पीकरवर लावली. ठीक वाटली. मग कळंब्याजवळच्या शेडमध्ये मोठ्या बॉक्सवर लावली आणि तिचं तोंड कडू झालं. टाळ वाजतोय की तेलात मोहरी तडतडतेय, कळेना. ढोलकीची थाप पडायच्या आधीच तिची भुसभुशीत सावली ऐकू यायची.

"बारक्या स्पीकरवर झाकून जातंय. मोठ्यावर उघडं पडतंय," ती म्हणाली. "तुमच्या फ्लेक्सवरच्या नाकागत."

नाकाचा विषय निघाला की श्रीशैलचं डोकं फिरायचं. "वरातीत दारूच्या नादात नाचणाऱ्याला टाळ कशाला पायजे? आवाज मोठा असला की झालं. पब्लिकला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर वरातीपुरतं त्याचंही खोटं नव्हतं. चार महिने त्याच चकत्यांवर धंदा झाला आणि एकाही नवरदेवानं तक्रार केली नाही. विद्याश्री गप्प बसली. पण गप्प बसलेल्या बाईला पटलेलं असतं असं ज्याला वाटतं, त्याचं नवीन लग्न झालेलं असावं.

मग बिद्रीच्या पलीकडच्या एका गावातून यात्रा कमिटीचे गणपतराव आले. त्यांच्या गावचं कुस्त्यांचं मैदान म्हणजे पंचक्रोशीत नाव. तिथं चाळीस वर्षं एकाच माणसाची हलगी वाजली होती, बाळासोंची. त्यांची हलगी कडाडल्याशिवाय पहिली कुस्ती लागायची नाही, आणि ते आहेत तोवर त्या मैदानात दुसऱ्याची हलगी चढायची नाही. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गाव पाळत होतं. आता बाळासोंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात उचलत नव्हता.

"दुसरा हलगीवाला आणावा तर म्हाताऱ्याला जित्तेपणी मारल्यागत हुईल," गणपतराव म्हणाले. "चन्नाप्पा, पंच्याण्णवच्या मैदानात तुमी त्येंची हलगी भरून घेतलीसा. ती हाय न्हवं?"

"हाय की!" चन्नाप्पांची छाती फुगली. "चांगली अकरा मिनिटं हाय."

"मग तीच लावा. म्हाताऱ्याला पुढं बसवतो. त्येंच्याच हलगीवर कुस्ती लागंल."

गणपतराव गेले आणि घरात वाजलं. श्रीशैल म्हणाला, चकतीवर आहे तेच लावायचं. विद्याश्री म्हणाली, ती हलगी नव्हेच. तिनं चन्नाप्पांना शेडमध्ये नेलं, खुर्चीवर बसवलं, मोठ्या बॉक्सवर आधी चकती लावली, मग डेकवर मूळ कॅसेट. "मामा, सांगा बरं. हलगीच्या काठावरची काडी बघा कशी पडतीया."

चन्नाप्पांनी दोन्ही ऐकलं. बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले. "मला तर दोनी सारखंच वाटतंय," ते म्हणाले आणि उठून गेले.

तिला रडू आलं. नवऱ्यानं म्हटलं असतं तर तिनं झटकून टाकलं असतं. पण डेकचं हेड स्पिरिटनं कसं पुसायचं, त्याच्या शेजारचा बारका स्क्रू केसभर फिरवून आवाज कसा उजळायचा, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं. तोच सारखंच म्हणतो तर मग आपलेच कान फुटलेत की काय? दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती कॅसेट काढली, हेड पुसलं, स्क्रू फिरवला. डोळे मिटून फिरवत राहिली आणि काठावरची काडी खणखणीत वाजली तिथं थांबली. मग काहीही बारीक न करता ती अकरा मिनिटं कॉम्प्युटरवर घेतली. चकतीवरच्यापेक्षा वीसपट जागा खाल्ली. खाऊ दे म्हणाली. एका सीडीवर ते एकच.

श्रीशैलनं सीडी बघितली आणि त्याचा पारा चढला. "मैदानात लावणार मी. माझी चकती. तुझ्या सीडीला हात लावलास तर परत मिक्सरवर बसायचं न्हाय. सांगून ठेवतो."

खुर्ची गेली तर पुढं काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर बॉक्सवरची धूळ पुसायची आणि 'पब्लिकला काय कळतंय' ऐकायचं. तरीही सीडी तिनं पर्समध्ये टाकली.

मैदानाच्या दिवशी दुपारी तीनला ऊन मी म्हणत होतं. पाच-सहा हजार माणूस. बायका मैदानात जात नाहीत, म्हणून मिक्सर टेंपोत, टेंपो कडेला, वर ताडपत्री आणि आत विद्याश्री. तिला आखाडा दिसत नव्हता. नुसतं ऐकू येत होतं. शेजारी पत्र्याच्या डब्यावर चन्नाप्पा बसले होते. श्रीशैल टेंपोच्या मागच्या उघड्या फाळक्याशी उभा राहून आखाड्याकडं बघत होता.

बाळासोंना खुर्चीसकट उचलून आखाड्याच्या काठावर आणलं. डोक्याला फेटा, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा, डावा गुडघ्यावर. मैदान उभं राहिलं. दोन पैलवान मातीत उतरले, माती कपाळाला लावली आणि थांबले. गणपतरावांनी माईकवर आवाज दिला, "वाजवा हलगी!"

श्रीशैलनं आत वाकून चकती लावली.

आठ बॉक्स घुमले. आवाज मोठा होता, यात काही शंका नाही. पण हलगीचा जो कडाडा अंगावर काटा आणतो, त्याच्या जागी काहीतरी पसरट, ओलसर, फसफसणारं सगळ्या मैदानावर सांडलं. काही माणसांनी एकमेकांकडं बघितलं. पैलवान जागचे हलेनात. काही क्षण गेले आणि बाळासोंनी डावा हात वर केला.

"बंद करा! बंद करा म्हणतो!" अर्धं तोंड वाकडं झालेलं, तरी शब्द स्पष्ट होता. गणपतरावांनी धावत जाऊन त्यांच्यापुढं माईक धरला. "ही कुणाची हलगी लावलीया? माझी न्हाय ही! चाळीस वर्सं काय मी सूप बडवलं व्हय?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाळासो, तुमचीच हाय ओ, पंच्याण्णवची," गणपतराव म्हणत होते.

"माझी माझ्या कानाला कळत न्हाय व्हय? हात ग्येलाय, कान न्हाईत ग्येलं!"

फाळक्याशी श्रीशैल घामानं निथळत होता. सहा हजार माणूस टेंपोकडं बघायला लागला. पब्लिकला काय कळतंय, याचं उत्तर एवढ्या मोठ्या संख्येनं मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं मागं वळून बायकोकडं बघितलं. तिनं पर्समधून सीडी काढली होती आणि हातात धरून ती त्याच्याकडंच बघत होती. पुन्हा मिक्सरवर बसायचं की नाही, हे आता त्याच्या एका शब्दावर होतं. त्यानं थांबवलेली चकती बाहेर काढली आणि बाजूला सरकला.

तिनं सीडी आत सरकवली. नुसतं बटण दाबून गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण बाळासो रडताहेत हे तिला ऐकू येत होतं. तिनं मिक्सरजवळचा माईक उचलला.

"बाळासोकाका, जरा थांबा," ती म्हणाली. त्या मैदानात बाईचा आवाज पहिल्यांदाच घुमला. "हलगी तुमचीच हाय. बिघडवली ती आमी. एवढ्या बारीला ऐका आणि तुमची न्हाई म्हणालासा, तर हितनं पुढं आमचं साऊंड ह्या गावात येणार न्हाई."

श्रीशैलनं कपाळाला हात लावला. तिनं बटण दाबलं.

पहिली काडी काठावर पडली आणि टेंपोच्या पत्र्यावर बसलेलं पाखरू उडालं. मग थाप. कोरडी, ताणलेली, उन्हात तापवलेल्या कातड्याची. काठावरची काडी वेगळी, मधली थाप वेगळी, दोन थापांमधली जागा मोकळी आणि स्वच्छ. त्या मोकळ्या जागेत, अगदी बारीक, वाजवणाऱ्याचा 'हं!' ऐकू येत होता. चकतीवर तो कुठंच नव्हता. बारीक करताना कॅफेतल्या कॉम्प्युटरनं माणसाचा श्वास फालतू समजून टाकून दिला होता.

तिला काही दिसत नव्हतं. मैदानातून एक मोठा गलका उठला आणि तिनं फाळक्याकडं मान वळवली. "काय झालं? अहो, काय झालं?" तिनं विचारलं.

श्रीशैल टाचा उंचावून बघत होता. "डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरलाय म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "हसाय लागलाय गं. पैलवानांनी हात मिळवलं. कुस्ती लागली."

अकरा मिनिटं ती हलगी वाजली. कुस्ती नवव्या मिनिटाला चितपट झाली, तरी कुणी बंद करू देईना. विद्याश्रीनं कानांवरून इतके दिवस बोलणी खाल्ली होती, आज त्याच कानांचा तिला असा अभिमान वाटला की टेंपोतून उतरून मैदानभर चालत जावंसं वाटलं.

चन्नाप्पा डब्यावरून उठले आणि तिच्याजवळ येऊन वाकले. "तुला एक सांगतो," ते हळूच म्हणाले. "मला आजबी दोनी सारखंच ऐकू आलं."

तिनं चमकून वर बघितलं.

"चार-पाच वर्सं झाली. बारीक आवाज येतच न्हाई मला. कुणाला सांगायचं? साऊंडवाल्याचं कान ग्येलं म्हटल्यावर ऱ्हातंय काय? त्या दिशी शेडात तुला म्हणाय पायजे हुतं, मला ऐकू येत न्हाई म्हणून. मी म्हटलं सारखंच हाय." त्यांनी कानाची पाळी धरली. "चुकलो मी."

तिनं त्यांचा हात धरला.

तेवढ्यात गणपतराव स्वतः टेंपोपाशी आले. त्या मैदानात जिंकलेल्या पैलवानाचं नाव पुकारतात ते गावासकट आणि वस्तादासकट. हातात वही होती. "बाळासोंनी सांगितलंय, माझी हलगी जिनं जित्ती आणली तिचं नाव पुकारा म्हणून. नाव सांगा, ताई."

"विद्याश्री," ती म्हणाली. "गाव हातकणंगले."

"आणि वस्ताद?" गणपतरावांनी श्रीशैलकडं बघितलं. "तुमी न्हवं?"

"मी कसला? मी तर आज चीत झालोय," श्रीशैल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला हसू आलं.

"वस्ताद म्हणून माझं नाव घाला की," चन्नाप्पा मधेच म्हणाले. मग सुनेकडं बघून जरा ओशाळले. "चालंल न्हवं गं?"

"घाला, मामा, घाला," विद्याश्री हसत डोळे पुसत म्हणाली.

मिनिटभरानं तिच्याच आठ बॉक्समधून तिचं नाव बाहेर पडलं. हातकणंगल्याची विद्याश्री, वस्ताद चन्नाप्पा. जिथं बाईनं पाय ठेवायचा नसतो त्या मैदानातून शिट्ट्या आणि टाळ्या उठल्या. गणपतरावांचा आवाज थोडा फाटतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं माईकचा आवाज जरासा कमी केला.