केसांत कापूस माळलेला डॉलर

कापसाची दोन बोंडं.
तांदळाच्या कणीहून लहान एक अक्षर.
सोमवार, शेवटची तारीख.
भिजवलेली चिंच.
बसमध्ये बोललेलं एक खोटं वाक्य.

मित्रांनो, हे तुकडे माझ्याच आयुष्यातले आहेत. ओळीनं लावायला गेलो की मी चिंचेपाशी अडकतो.

मी चांदीचा अमेरिकन डॉलर. १८८४ साली घडलो. एका बाजूला बाईचा चेहरा, तिच्या केसांत गहू आणि कापूस. दुसऱ्या बाजूला गरुड, त्याच्या खाली 'एस' हे बारीक अक्षर. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं. माझ्या जोडीचे बहुतेक डॉलर हाताळून झिजले. मी झिजलो नाही.

कारण मी बाजार पाहिलाच नाही. अकोल्यातल्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईनं मायदेशी परतताना आपल्या तेल्हारा गावच्या फुलवाल्याला मला भेट दिलं. त्यानं मला फडक्यात गुंडाळून बियांच्या डब्यात ठेवलं. तिथे माझ्यावर काळसर निळी झाक चढत गेली. ते माझं वय होतं.

यंदा त्याची नातसून पार्बताबाई वांग्याचं बी शोधत होती.

"अवं माय! प्रतीक्षा, पाय! हिच्या केसात तं कापूस हाये. आपलीच लक्षुमी हाये हे!"

प्रतीक्षा तिची नात. तिला अमरावतीला नर्सिंग शिकायचं होतं. फी भरायची मुदत सोमवारपर्यंत. तिनं माझे फोटो अकोल्याच्या जठारपेठेतल्या चंद्रभानकाकांना पाठवले. ते जुन्या नाण्यांचे जाणकार. त्यांचं उत्तर आलं : साल आणि अक्षर बरोबर आहे. खरं निघालं तर तुझी फी निघेल. आहे तसंच आण.

प्रतीक्षानं आजीला आनंदानं मिठी मारली. 'आहे तसंच' हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी प्रतीक्षा आंघोळीला गेली. लक्ष्मी मळकी घराबाहेर काढायची नाही, ही पार्बताबाईची रीत. चिंच. राख. अंगठा. मग हळदीकुंकू, आणि रुमालाची गाठ. ती गाठ सुटली ती जठारपेठेत.

काकांनी चुंबक लावलं, वजन केलं, भिंग धरलं. भिंग खाली ठेवलं.

"हे कोनं घासलं?"

"म्या. पाहा ना, कशी चमकून राह्यली!"

प्रतीक्षाचा चेहरा उतरला. "आजी, बाहेर आपली थैली राहिली, पाहून ये."

आजी गेल्यावर काका म्हणाले, "नाणं खरं हाये, पोरी. पन घासलेल्या नाण्याले शौकीन हात लावत नाही. आता नुसता चांदीचा भाव."

परतीच्या बसमध्ये पार्बताबाईनं विचारलं, "काहून नाही घेतलं त्यानं?"

"चांदीच हलकी निघाली, आजी."

"पाय बरं! एवढी डॉक्टरीण, अन् हलकी चांदी देऊन गेली!"

माझ्यात शंभराला नव्वद भाग शुद्ध चांदी आहे.

सोमवार गेला. मी आता देव्हाऱ्यात असतो. दर शुक्रवारी पार्बताबाई मला घासते. आणखी चमकलं तर भाव येईल, असं तिला वाटतं. माझ्यावरच्या बाईच्या केसांतली बोंडं पुसट होत चालली आहेत. प्रतीक्षा शेजारी वांगी निवडत असते. ती पाहते. थांबवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनं नाणं सापडलं तर साल पाहा, अक्षर पाहा, कडेनं धरा. धुऊ नका. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा, सगळ्यांत आधी तुम्हाला जीव लावणाऱ्या माणसाला.

त्या शुक्रवारी मला ओरखडा पडू नये म्हणून पार्बताबाईनं राख पदरातून दोनदा गाळून घेतली होती.