बेंझोइक आम्लाच्या सुया

धर्मसंस्थेच्या त्या विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, एका मुलीचं नावच 'घाई' पडलं होतं. रोज दुपारी तीनला प्रार्थनेची घंटा व्हायची आणि हातातलं काम टाकून सगळ्यांनी अर्धा तास सभागृहात मुकाट बसायचं, असा तिथला नियम. घाईच्या कपाळाला आठी पडायची. देवाशी तिचं भांडण नव्हतं, पण ओळखही नव्हती.

मळकट बेंझोइक आम्ल उकळत्या पाण्यात विरघळवायचं, गाळायचं आणि थंड करून स्वच्छ स्फटिक मिळवायचे, एवढाच प्रयोग. घंटेच्या आत उरकावा म्हणून ती फ्लास्क थेट बर्फात बुडवायची आणि तळाशी पिठासारखा भुगा बसायचा. तीनदा तसंच झालं. आज शेवटची संधी होती, आणि गाळून होतंय न होतंय तोच घंटा वाजली.

"बर्फ संपलाय गं," लॅब सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "राहू दे तसाच. मी आहे ना."

घाई पाय आपटतच गेली. सभागृहात उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते. त्यात धूळ तरंगत होती, खाली येता येता पुन्हा वर जात होती. तिचा डोळा लागला की नाही, तिचं तिलाही कळलं नाही. आपण कोमट पाण्यात आहोत आणि कुठेच पोचायचं नाही, असं वाटत राहिलं. मग कुणीतरी हलकेच शेजारी येऊन टेकलं. त्याच्या शेजारी आणखी कुणी.

खांद्यावर हात पडला. सभागृह रिकामं होतं.

"साडेचार झाले," मावशी म्हणाल्या. "चल, बघ तरी."

फ्लास्कमध्ये लांब, चकचकीत सुया एकमेकींना टेकून उभ्या होत्या. प्रयोग तपासायला आलेल्या, पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्या सरांनी फ्लास्क उजेडात धरला.

"सावकाश निवलं की प्रत्येक कण आपली जागा शोधतो. मळाला शिरायला फट उरत नाही."

"सर, दीड तास लागला. जर्नलमध्ये काय लिहू?"

"जे झालं, ते."

तिनं लिहिलं, 'द्रावण दीड तास स्थिर ठेवले. कारण: प्रार्थना.' स्फटिक वाळल्यावर वितळणबिंदू एकशे बावीस अंश आला, पुस्तकातल्या शुद्ध आम्लाइतकाच. सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला तो उशिराचा.

त्या आठवड्यात आईचा फोन आला, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे प्रार्थना केलीस तर," आई म्हणाली.

"बसले होते," घाई म्हणाली. "काय केलं, ते नाही सांगता यायचं."