आभाळी खोली

थोरलीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आतली खोली आभाळी करा. रंगारीकाकांनी विचारलं, आभाळी म्हणजे नेमकी कशी? ती तेव्हा तळघरातल्या पडद्यांच्या दुकानात, काखेत कापडाचा गठ्ठा, मानेत अडकवलेला फोन. "अहो, खिडकीतून दिसतंय तशी," म्हणाली आणि फोन ठेवला. घोळ झाला तो तिथेच. कारण वर, रस्त्यावर, आभाळ भरून आलं होतं आणि तळघरात बसलेल्या बाईला त्याचा पत्ताच नव्हता.

घर तिच्या धाकट्या बहिणीचं. धाकटी चार महिने त्याच आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती, मग शुश्रूषागृहात नेली, आणि तिथेच गेली. तिथले शेवटचे चाळीस दिवस थोरलीने बाहेरच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर काढले, कारण सोबत राहणाऱ्यांना पाठ टेकायला जागाच नव्हती. तेव्हाच तिच्या डोक्यात आलं, की हे घर पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी द्यायचं आणि जे येईल त्यातून तिथे सोबत्यांसाठी एक खोली करायची, खऱ्या गाद्यांची. धाकटीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, मान हलवली, पण तोंड वाकडं करूनच. तीन महिने बघू मावशी, म्हणाला, नाहीतर विकून मोकळे होऊ.

दोन महिने गेले आणि चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही. फिरकणार कसं? फोटोत काय, तर लोखंडी कपाट, औषधांचं टेबल आणि पिवळट भिंती. बघूनच माणसाला कणकण यावी. मग थोरलीने कंबर कसली. कपाट काढलं, टेबल काढलं, उरलेल्या कापडांची रजई शिवली, आणि नव्या रंगाचे फोटो अजून निघायचे असतानाच एका पाहुण्याने कुठूनसं शोधून काढून खोली मागितली. पहिलाच पाहुणा. तो येणार त्या दुपारी ती तासभर आधी पडदे घेऊन पोचली आणि दारातच थबकली.

भिंती करड्या. छतही करडं. नुसता सपाट रंग नव्हे, तर खाली वाकलेले, ओलसर, संथ ढग, एकातून दुसरा निघालेला, आणि खिडकीच्या बाजूला एका ढगाची कड किंचित उजळ. काका शब्दाला जागणारा माणूस. बादली पालथी घालून तासभर खिडकीतून बघत बसले होते म्हणे, आणि मग तीन दिवस खपून जे दिसलं ते भिंतींवर उतरवलं होतं.

"हे काय केलंत काका?"

"आभाळ," काका म्हणाले, आणि ब्रश धुवायला गेले.

थोरलीचं अवसानच गळालं. पांढऱ्या पडद्यांकडे बघवेना. तेवढ्यात पाहुणा आलाच. गावोगाव फिरून वाद्यं सुरात लावायचा त्याचा धंदा, महिनाभर नुसता प्रवास, डोळे तारवटलेले. ती माफी मागायला लागली, उद्याच निळं करून देते म्हणाली. त्याचं लक्षच नव्हतं. त्याने पिशवी इतकी हळू खाली ठेवली, जणू खोलीत कुणी निजलंय, आणि म्हणाला, "पडदे राहू द्या, बाई."

तो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. थोरलीने दोनदा दाराला कान लावला, खोटं कशाला बोला. जाताना त्याने पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, 'या खोलीत काहीच करावंसं वाटत नाही. हे लिहायचाही कंटाळा आला.' भाच्याने तेच वाक्य फोटोखाली टाकलं, थट्टेत. पण मग फोन यायला लागले, 'ती आभाळ आलेली खोली' मागणारे. शिक्षिका आली, नवी आई आली, नवऱ्याशी भांडलेली एक आली आणि नवऱ्याला बोलावून घेऊन गेली. भाचा विक्रीचं नाव काढेनासा झाला.

एकदा दोन पाहुण्यांच्या मधल्या दुपारी थोरली चादर बदलायला गेली आणि नुसतं बघावं म्हणून आडवी झाली. ढग तिच्यावर हळूहळू उतरत असल्यासारखे वाटले. खोली कुठे संपते ते कळेना. डोळे जड झाले, आणि त्या गुंगीत तिला धाकटीचा आवाज आठवला, इथूनच, याच जागेवरून आलेला. जरा आभाळ येऊ दे गं, ती म्हणायची. रोज म्हणायची. आणि थोरलीला वाटायचं, तापात बरळतेय. ती आणखीच लगबगीने पडदे सरकवायची, दिवा लावायची, प्रसन्न वाटावं म्हणून.

धाकटीला नुसता अंधूक प्रकाश हवा होता. डोळ्यांना उन्हाचा त्रास होत होता, एवढंच.

थोरली ढसाढसा रडली. चार महिने हट्टाने ऊन घातलं मी तिच्या डोळ्यांत, असं भिंतीला सांगत रडली. मग तशीच झोपली, त्या खुर्चीनंतर पहिल्यांदाच गाढ.

वर्षाच्या आत शुश्रूषागृहात सोबत्यांची खोली उभी राहिली, चार खाटांची. रंगारीकाका बादल्या घेऊन आले आणि रंग कोणता म्हणून विचारलं.

"आभाळी," थोरली म्हणाली. "खिडकीतून दिसतंय तशी."

काकांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"मग थांबा ना," थोरली म्हणाली, आणि एका खाटेवर त्यांना बसायला जागा करून दिली. "येईल ते."